सेहेचाळीस अंशांपर्यंत

आमच्या बाबांना कुठलीही गोष्ट पटवायची असेल तर ती लेझमीच्या भाषेत सांगावी लागते. उभी हयात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत पी.टी. शिकवली. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना दिवाकर आस्वले गुरुजींनी कधी ना कधी पटांगणावर उन्हात उभं केलेलं आहे. त्यामुळे आईच्या कानामागे बसवायच्या डबीत नेमकं काय असतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी थेट पटांगणावरच गेले. म्हटलं, बाबा, समजा हजार पोरं ओळीत उभी आहेत. एकाचं तोंड शाळेकडे, शेजारच्याचं रस्त्याकडे, त्याच्या पुढच्याचं पुन्हा शाळेकडे. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हा जमाव कुठंच बघत नाही.

"अन् हे पोरं म्हणजे?" बाबा म्हणाले.

"इलेक्ट्रॉन."

"बरं. मंग कवायत कोण घेते?"

प्रश्न बरोबर होता. पुण्यात ज्या प्रयोगशाळेत मी इरिडियम ऑक्साइडचे स्फटिक वाढवते, तिथं नव्यानं येणाऱ्या मुलांना हा प्रश्न सुचायला सहा महिने लागतात.

इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती फेरी घालतो आणि शिवाय त्याची स्वतःची अशी एक गिरकी असते. या गिरकीमुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. लोखंडाच्या अणूत या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. फेरी आपल्या वाटेनं, गिरकी आपल्या मर्जीनं. इरिडियमचा अणू मात्र चांगलाच जड, केंद्रात सत्त्याहत्तर प्रोटॉन. त्यांच्या ओढीनं इलेक्ट्रॉन इतक्या वेगात फिरतो की फेरी आणि गिरकी एकमेकींत अडकून बसतात. मग त्या चुंबकाला वाटेल तिकडे तोंड करता येत नाही. भोवतीच्या ऑक्सिजनच्या अणूंची चौकट स्फटिकात अकरा-बारा अंशांनी वळलेली असते, तेवढंच आणि तिकडेच त्यालाही वळावं लागतं. कवायत घेतो तो स्फटिक.

याचा फायदा असा की शेजाऱ्या-शेजाऱ्यांची तोंडं उलट असल्यानं बाहेर चुंबकत्व जवळजवळ जाणवत नाही, आणि बाहेरचा चुंबक आतली ओळ सहजासहजी मोडू शकत नाही. एमआरआयच्या यंत्रातही नाही. पण बारीकसा विद्युतप्रवाह सोडून या पदार्थाच्या पातळ थरातलं एकेक ठिगळ हव्या त्या दिशेला वळवता येतं, आणि एकदा वळवलं की ते तसंच राहतं. म्हणजे त्यावर लिहिता येतं. अडचण एकच होती, ही शिस्त उणे तेहतीस अंशांच्या खालीच टिकायची. मग थर ताणून, त्यात थोडी भेसळ करून लोकांनी ती मर्यादा वर वर नेली आणि शेवटी अधिक सेहेचाळीसवर आणून ठेवली. माणसाचं अंग सदतीस, सणसणीत ताप आला तरी एक्केचाळीस. ज्यांच्या गावात चार महिने बर्फ असतो त्यांना सेहेचाळीस हा आकडा भरपूर वाटला असणार. ब्रह्मपुरीचा मे महिना पाहायला ते कशाला येतात.

"सेहेचाळीसच्या वर गेलं तं?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं की ओळ मोडते, सगळी एकदम. थंड झाल्यावर पुन्हा ओळ लागते, पण आधी कोण कुठं तोंड करून उभं होतं ते गेलं ते गेलं. बाबांनी मान हलवली. वर्गातल्या अशक्त पोराची जबाबदारी स्वतःकडे घेताना ते अशीच मान हलवत.

"मंग आपण तिले ऊन लागूच देत नाई," ते म्हणाले.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. माझी आई, प्रमिला आस्वले, घरी शिवणक्लास चालवायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली सांगतात की बाईंची कात्री एकवेळ थांबायची, तोंड नाही. लकवा मारला तेव्हा तिचा उजवा हात थोडा अधू झाला आणि वाचा पार गेली. समजायचं सगळं. कोण काय बोललं, कुणी काय टोमणा मारला, सगळं. पण बोलायला गेली की एकच शब्द यायचा, "हो ना." चहा हवा का, हो ना. नको का, हो ना. दुखतंय का, हो ना. स्वतःच्याच तोंडून तेच तेच ऐकून ती इतकी संतापायची की भांडी आपटायची, आणि मग रडायची. नऊ-दहा महिने आम्ही ते पाहिलं.

मग ही डबी आली. कानामागच्या हाडात खोबण करून ती कातडीखाली बसवतात. तिथून केसाहून बारीक तारा मेंदूच्या बोलण्याच्या भागात जातात. बाहेरून कानामागे रुपयाएवढी चकती चिकटवायची, ती कातडीतूनच डबीला वीज पुरवते. शिकवायची पद्धत सोपी पण चिवट. समोरच्यानं वस्तू दाखवून शब्द म्हणायचा, आईनं तो म्हणायचा प्रयत्न करायचा, डबी वेगवेगळ्या प्रकारे तारांतून स्पंदनं सोडून बघणार. शब्द नीट आला की आईनं हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की त्या शब्दाची वाट डबीतल्या त्या थरावर पक्की. शिकवणारा आवाज मात्र एकच हवा, कारण मेंदू त्या आवाजाच्या खुणेवरच शब्द शोधतो. आवाज अर्थातच बाबांचा.

बाबांनी तिची कवायतच घेतली. रोज सकाळी समोरच्या खोलीत दोन खुर्च्या टाकायच्या, आणि सुरू. "पाणी. पुन्हा. स्पष्ट." पहिला शब्द पाणी आला. दुसरा आईनं स्वतः निवडला, "चूप." तो तिनं इतक्या वेळा वापरला की बाबा म्हणाले, थर झिजेल. दीड वर्षात ती दूधवाल्याशी पाण्यावरून भांडायला लागली आणि आमचं घर पुन्हा घर झालं. शेजारच्या येंडे काकूंनी एकदा विचारलंही, एवढं शिकवलं तर त्याची एखादी झेरॉक्स काढून ठेवता येत नाही का. नाही येत. ठिगळांच्या बारीक दिशा वाचायला गावाएवढं यंत्र लागतं, आणि मेंदू रोज थोडा बदलतो, त्यामुळे कालची नक्कल आज कामाची नसते. जे आहे ते तिथंच, कानामागे.

मे महिन्यात नागभीडला शोभाआत्याच्या मुलाची हळद होती. शोभाआत्या म्हणजे बाबांची बहीण. आईची वाचा गेली तेव्हा भेटायला येऊन ती म्हणाली होती, "आता दादाच्या घरात शांतता झाली असन." आई तेव्हा "हो ना" म्हणाली होती. ते "हो ना" तिच्या मनात सलत राहिलं, आणि आता त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. भर मांडवात उभं राहून म्हणायचं, "शोभाताई, ती शांतता तुम्हाला आहेरात देते." एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बसवत होती. गंमत म्हणजे बहिणीवरचा हा हल्ला भावानंच तिच्याकडून घोटून घेतला. मला फोनवर तिनं तो तीनदा म्हणून दाखवला, आणि तिसऱ्यांदा "आहेरात" वर असा जोर दिला की मी पुण्यात एकटी हसत बसले.

त्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर होता. भाड्याच्या जीपचा एसी अर्ध्या वाटेवर बंद पडला.

पुढचं मी बाबांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की स्वतः जीपमध्ये असल्यासारखं दिसतं. काचा उघडल्या तर भट्टीची झळ आत यायला लागली. बाबांनी आपला सुती दुपट्टा काढला, घडी करून आईच्या डोक्यावरून, कानांवरून घेतला आणि मागे घट्ट बांधला. आमच्याकडे उन्हाळ्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. कान झाकले की ऊन बाधत नाही, हे पोराला चालायच्या आधी कळतं. आई गाठ ओढायला लागली. बाबांना वाटलं, हळदीला जायचं म्हणून केस नीट बसवले आहेत, त्यांची काळजी. त्यांनी पुन्हा बांधलं, आणखी घट्ट. ती "ग… ग…" करत होती. बाबा म्हणाले, आता शक्ती वाया घालवू नको, शोभापुढं बोलायचं आहे. मग ती नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिली.

मांडवात आई शोभाआत्यापुढे उभी राहिली, बाबा मागे हसू दाबून उभे. आईनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो ना."

शोभाआत्याच त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडली.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. नागपूरहून बसनं ब्रह्मपुरीत उतरले तर बाबा स्कूटर घेऊन उभे. ते खचलेले होते. तरी मी मागे बसण्याआधी त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या कानांवरून गुंडाळला आणि मागे गाठ मारली. "तुले सवय नाई राहिली आता," ते म्हणाले. स्कूटर चालवताना ते मान मागे वळवून तीच हकीकत सांगत होते. "मी इतकं बांधलं होतं, समू, एवढासाही कान उघडा नव्हता, तरी कसं काय?" माझ्या कानामागे घाम साचत होता. तो वाळायला जागाच नव्हती. दवाखान्याच्या वळणावर कधीतरी मला ते कळलं, आणि मी बाबांच्या पाठीमागे त्यांच्या नकळत गाठ सैल केली.

चुकीचं समजले असेन, अशी आशा होती. दुपारी बाबा आडवे झाल्यावर मी आईची जादा चकती आणि एक थर्मामीटर घेऊन गच्चीच्या जिन्यात सावलीला गेले. चकती चालू करून कानामागे लावली. उघड्या कानामागे पारा चाळिसाच्या आसपासच राहिला, कारण घाम वाळत होता, आणि घाम वाळला की कातडी थंड राहते. मग दुपट्ट्याची घडी घालून वरून घट्ट बांधली, बाबा बांधतात तशी. चकतीची स्वतःची ऊब आत कोंडली. पारा चढत गेला आणि सेहेचाळीसच्या पुढे गेला. मला ओरडावंसं वाटलं. ऊन नव्हतंच ते. उन्हापासून वाचवायला बांधलेल्या कापडानं ते केलं होतं, आणि कापड बांधणारे हात बाबांचे होते. कंपनीच्या माहितीपत्रकात एवढंच लिहिलेलं, डोक्यावर थेट ऊन पडू देऊ नका. बाबांनी ते अक्षरशः पाळलं होतं.

मान वळवली तर जिन्याच्या खालच्या पायरीवर आई उभी. माझ्या डोक्याचा दुपट्टा, हातातलं थर्मामीटर, सगळं तिनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. ती वळली आणि आत गेली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. डबी धडधाकट, तारा धडधाकट, थर कोरा. पुन्हा पहिल्यापासून शिकवता येईल, म्हणाले, पण आवाज तोच हवा. कंपनीनं तापमान वापराच्या अटींबाहेर गेल्याचं कळवून हात झटकले. डॉक्टरांनी सहज विचारलं, एवढं तापलं कशानं? आई आणि बाबा माझ्या दोन बाजूंना बसले होते. बाबा माझ्याकडे बघत होते. आपल्या हातून हे झालं असं कळलं असतं तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत बसून "पाणी" म्हणू शकला नसता. मी त्यांना ओळखते. शाळेत एकदा त्यांच्या तासाला एक मुलगा चक्कर येऊन पडला, तर त्यांनी महिनाभर शिट्टी तोंडाला लावली नव्हती. आणि ते बोलले नाहीत तर आईची वाचा कायमची गेली.

"ऊन," मी म्हटलं. "ऊनच तेवढं होतं."

आई खाली बघत होती. नाही म्हणायलाही तिच्याकडे शब्द नव्हता.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मी बाबांना नवीन सूचना म्हणून सांगितलं की घराबाहेर पडताना चकती काढून ठेवायची. म्हणजे बाहेर गेली की आई मुकी. बाबांनी ते लगेच मान्य केलं. हे आधी सांगायला पाहिजे होतं त्या लोकांनी, एवढंच म्हणाले.

खुर्च्या पुन्हा मांडल्या. "पाणी. पुन्हा. स्पष्ट." बाबांचा आवाज आधी कापायचा, मग सुधारला. शब्दांची चित्रं मी लावून दिली आणि त्यातून चार काढून घेतली: गरम, कान, गाठ, दुपट्टा. हे लिहितानाही मला लाज वाटते. जिला बोलतं करायचं तिच्याच तोंडातले शब्द मी चोरत होते. मी पुण्याला परतल्यावर आठवड्यात बाबांचा फोन आला, अगं, गरम कुठं गेलं? चहा गरम आहे हे ती कशी सांगन? मी म्हटलं, राहिलं असेल, पाठवते. पाठवलं. कान तर पाठवायचीही गरज पडली नाही. आपल्याला कान आहेत हे शिकायला चित्र लागत नाही. दुपट्टा खुंटीवरच होता.

त्यानंतर फोनवर बाबा उत्साहानं नवा शब्द सांगायचे आणि इकडे मी आधी तो जीपमधल्या दुपारचा आहे का ते तपासायचे. आज "कान" आला. आज "बांध" आला. आई सुधारत होती, आणि मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की जरा सावकाश. तिनं जिन्यात काय पाहिलं, त्यातलं तिला काय समजलं, हे विचारायची मला हिंमत नव्हती. ती तर त्या जीपमध्ये होती. तिच्या कातडीला माझ्या थर्मामीटरच्या कितीतरी आधी कळलेलं असणार. "ग… ग…" म्हणजे काय ते मला आता ठाऊक होतं. नेमका तोच शब्द तिच्या तोंडात येता येता पुसला गेला होता.

फेब्रुवारीत मी सुट्टी घेऊन गेले. सकाळी समोरच्या खोलीत दोन खुर्च्या, मी दारातल्या बाजेवर. आई छान बोलत होती, चार-पाच शब्दांची वाक्यं. चहात साखर कमी पडल्याचं तिनं मला ऐकवलं. तास संपत आला तेव्हा बाबांनी चित्रं बाजूला ठेवली. ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"प्रमिला, मले एक सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी जीपमध्ये तू काय सांगून राहिली होती?"

मी उठायला गेले आणि बसून राहिले. मधे पडून मी काय म्हणणार होते?

आईनं बाबांकडे पाहिलं, मग खुंटीकडे, मग माझ्याकडे. सगळे शब्द आता तिच्याकडे होते. गरम होता, कान होता, गाठ होती. रागही होता, तो तर तिच्याकडे कायमच असतो, आणि त्याचा तिला पुरेपूर हक्क होता. दीड-दोन वर्षांत कमावलेली भाषा एका गाठीत गेली होती. बाबा पोरानं निकालाची वाट बघावी तसे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ऊन," आई म्हणाली.

"उनाचंच सांगून राहिली होती?"

आईनं होकारार्थी मान हलवली. बाबांचे खांदे हळूच खाली आले. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. शब्द जरा अडखळत आला होता, आणि अडखळलेला शब्द तसाच सोडून द्यायची त्यांची रीत नाही.

"पुन्हा," ते म्हणाले. "स्पष्ट."

"ऊन."

"शाब्बास," म्हणून बाबांनी बटण तिच्या डाव्या हातात दिलं. आईनं माझ्याकडे बघत ते दाबलं.